गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात, हे काम कोणते संप्रेरक करते?

तळ्याकाठी:
गेली अठरा वर्षे मी सोलापुरातल्या एका नर्सिंग महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. गरोदरपणाचे प्रकरण आले की मी आधी एक कोडे घालते. गरोदर स्त्रीच्या अंगातले रक्त वाढत वाढत जवळजवळ दीडपट होते आणि तिचे हृदय दर मिनिटाला एरवीपेक्षा ३० ते ५० टक्के अधिक रक्त पुढे ढकलते. नळात पाणी वाढले आणि पंपाचा जोरही वाढला, तर नळातला दाब चढायला हवा. प्रत्यक्षात पहिल्या तीन महिन्यांतच बीपी उतरू लागते आणि गरोदरपणाच्या मध्यावर ते सर्वांत खाली असते. असे का? बहुतेक मुली ‘अशक्तपणामुळे’ असे लिहितात, कारण घरोघरी तेच ऐकलेले असते. खरे कारण असे, की नळच रुंदावलेले असतात.

नळ रुंदावण्याच्या या कामात रिलॅक्सिन नावाच्या पेप्टाइड (म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याच्या) संप्रेरकाचा मोठा वाटा आहे. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ यांनी गाभण प्राण्यांच्या रक्तातला द्रव गाभण नसलेल्या गिनीपिगच्या माद्यांना टोचला, तेव्हा त्यांच्या कटिभागातला अस्थिबंध सैल पडला. त्यावरूनच पुढे या द्रव्याला नाव मिळाले. त्यामुळे कित्येक दशके रिलॅक्सिन म्हणजे बाळंतपणासाठी कंबर सैल करणारे संप्रेरक, एवढीच त्याची ओळख राहिली. रक्तवाहिन्यांवरचे त्याचे काम पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती त्याची वेळ. बीजांडकोशातून बीज सुटल्यावर त्या जागी पिवळसर गाठ उरते, तिला पीतपिंड म्हणतात. गर्भ राहिला की गर्भाकडून एचसीजी हे संप्रेरक येते (लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती त्याचीच), आणि त्याच्या सांगण्यावरून पीतपिंड टिकून राहतो व रिलॅक्सिन स्रवू लागतो. रक्तातले रिलॅक्सिन पहिल्या तिमाहीच्या अखेरीस सर्वाधिक असते, मग थोडे उतरून बाळंतपणापर्यंत टिकते. आईचे रक्त वारेत पूर्ण ओघाने वाहू लागते तेही साधारण पहिल्या तिमाहीच्या अखेरीसच. म्हणजे वारेची मागणी मोठी होण्याआधीच बीजांडकोशाने वाट मोकळी करायला घेतलेली असते.

मूत्रपिंडांवर हा परिणाम फार स्पष्ट दिसतो. गरोदरपणात त्यांच्यातून जाणारे रक्त पुष्कळ वाढते आणि गाळण्याचा वेग जवळजवळ दीडपट होतो, म्हणून रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) एरवी ०.७ किंवा ०.८ असते ते ०.५ च्या आसपास येते. गाभण उंदरांच्या माद्यांमध्ये रिलॅक्सिनला प्रतिपिंडांनी निष्प्रभ केले, तेव्हा मूत्रपिंडांतली ही वाढ झाली नाही. उलट गाभण नसलेल्या माद्यांना, इतकेच काय नरांनाही, रिलॅक्सिन दिल्यावर मूत्रपिंडांतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या.

हा धागा काढण्यामागे एक घरचे कारण आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे नवव्या आठवड्यातले बीपी मी स्वतः मोजले होते, ते ११२/७० होते. विसाव्या आठवड्यात एका दवाखान्यात ते १२४/८२ भरले, सव्विसाव्यात १३०/८६. प्रत्येक वेळी तिला ‘नॉर्मल आहे’ असे सांगून घरी पाठवले, आणि एकेकटा आकडा पाहिला तर ते खरेही होते. जेव्हा ते उतरायला हवे होते तेव्हा ते चढत होते, ही गोष्ट तीन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नव्हती, आणि ते कोणी शेजारी ठेवले नाहीत. मीही ठेवले नाहीत. तेहतिसाव्या आठवड्यात डोके ठणकू लागले, बीपी १५८/१०४ निघाले आणि लघवीत प्रथिने सापडली. चौतिसाव्या आठवड्यात बाळंतपण करावे लागले. बाळ १ किलो ७०० ग्रॅमचे होते. आज ते सहा वर्षांचे आहे आणि ठणठणीत आहे, तरी त्या आकड्यांकडे मी आधी का पाहिले नाही, हे मला अजून टोचते.

धोटा:
ताई, लेख दोनदा वाचला. आमचे घराणे अशोक चौकातले, तीन पिढ्या मागावर गेल्या. ताणा जास्त ओढला तर सूत तुटते आणि सैल सुटला तर कापड झोळ खाते, हे लहानपणापासून पाहिले आहे. मला विचारायचे आहे ते हे, की रिलॅक्सिन रक्तवाहिनीपर्यंत पोहोचल्यावर नेमके काय करते? ते स्नायूला स्वतः ढिले करते, की दुसऱ्या कोणाकडून करवून घेते?

तळ्याकाठी:
फार नेमका प्रश्न विचारलात. ते दुसऱ्याकडून करवून घेते.

लहान रोहिणीच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचे वेढे असतात, ते आवळले की वाहिनी अरुंद होते. या वेढ्यांच्या आत, वाहत्या रक्ताला लागून, एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्या अस्तराने नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार केला, की तो शेजारच्या स्नायूत झिरपतो, तिथे सीजीएमपी नावाचा रेणू वाढतो आणि स्नायू सैल पडतो. हा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, या शोधासाठी १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले होते. रिलॅक्सिनचा निरोप शेवटी याच अस्तरापाशी येऊन थांबतो.

तिथवरची वाट मात्र वळणाची आहे. एंडोथेलिन हे २१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड १९८८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी शोधले. रक्तवाहिनी आवळणाऱ्या ज्ञात द्रव्यांमध्ये ते अत्यंत जोरकस आहे. ते ३८ अमिनो आम्लांच्या एका लांब साखळीतून कापून काढले जाते. रिलॅक्सिन रक्तवाहिनीच्या भिंतीत जिलॅटिनेज नावाची विकरे वाढवते, आणि ही विकरे तीच लांब साखळी वेगळ्या जागी कापतात, म्हणजे २१ ऐवजी ३२ अमिनो आम्लांचा तुकडा निघतो. हा तुकडा अस्तरावरच्या एंडोथेलिन-बी या ग्राहीला (पेशीवर निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) जागे करतो आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडू लागते. ज्या साखळीतून आवळणारे द्रव्य निघायचे, तिच्यातूनच सैल करणारा निरोप निघतो. सूत तेच असते, कात्री कुठे लावली यावर सगळे ठरते.

हे सावकाश चालणारे काम झाले. काही रक्तवाहिन्यांत रिलॅक्सिनचा परिणाम मिनिटांत दिसतो, तिथे ते विकरांची वाट न पाहता पेशीतल्या दुसऱ्या निरोपसाखळीतून नायट्रिक ऑक्साइड वाढवते. दिवसांच्या हिशेबाने आणखी एक बदल होतो. रोहिणीची भिंतच अधिक ताणली जाण्याजोगी होते, म्हणून हृदयाचा प्रत्येक ठोका ती सहज झेलते. तुमच्या ताण्याच्या भाषेत सांगायचे, तर सुताची ओढ कमी होते आणि सूतही अधिक लवचिक होते.

होटगी_रोड:
मी औषधशास्त्राचा माणूस आहे, म्हणून थोडी भर घालतो. रिलॅक्सिनची घडण इन्सुलिनच्या घराण्यातली आहे, दोन साखळ्या आणि त्यांना जोडणारे गंधकाचे पूल. त्याची ग्राही २००२ मध्ये ओळखली गेली. तरीही सगळे श्रेय एकट्या रिलॅक्सिनला दिले तर चित्र अपुरे राहील.

सीजीआरपी हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड मज्जातंतूंच्या टोकांतून सुटते आणि रक्तवाहिनी जोराने रुंद करते. अॅड्रेनोमेड्युलिन हे त्याचे भावंड १९९३ मध्ये जपानमध्ये अधिवृक्क ग्रंथीच्या एका गाठीतून वेगळे केले गेले, त्यात ५२ अमिनो आम्ले आहेत, आणि गरोदरपणात आईच्या रक्तात ते वाढते. या दोघांची मुख्य ग्राही एकच आहे. तिच्यासोबत कोणते साहाय्यक प्रथिन बसले, यावर ती कोणाचे ऐकायचे ते ठरवते.

तिसरे पेप्टाइड म्हणजे एएनपी. हृदयाच्या कप्प्यांत ते तयार होते, मूत्रपिंडातून मीठ व पाणी बाहेर टाकते आणि रक्तवाहिन्या सैल करते, हे १९८१ पासून माहीत आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून नवी गोष्ट कळली. एएनपी कार्यक्षम रूपात आणणारे कॉरिन हे विकर गरोदरपणात गर्भाशयातही तयार होते. ज्या उंदरांमध्ये ते नव्हते, त्यांच्या गर्भाशयातल्या वळणदार रोहिण्या नीट रुंदावल्या नाहीत, त्यांचे बीपी चढले आणि लघवीत प्रथिने आली. ताईंच्या बहिणीच्या आजाराचे चित्र याच्याशी मिळतेजुळते आहे.

अँजिओटेन्सिनचाही उल्लेख हवा. हे पेप्टाइड रक्तवाहिन्या आवळते आणि गरोदरपणात ते वाढलेले असते. पण निरोगी गरोदर स्त्रीच्या रक्तवाहिन्या त्याला दाद देत नाहीत, तिचे बीपी चढवायला एरवीपेक्षा जास्त मात्रा लागते. ज्यांना पुढे प्रीएक्लॅम्प्सिया (ताईंच्या बहिणीसारखा, बीपी चढून लघवीत प्रथिने येण्याचा आजार) होतो, त्यांच्यात ही बेपर्वाई आजार दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधीच ओसरू लागते, असे १९७३ च्या एका गाजलेल्या अभ्यासात आढळले होते.

कडक_भाकरी:
माझी सून चौथ्या महिन्यात आहे. बीपी ९८/६०, हिमोग्लोबिन ११.२. शेजारच्या वहिनींनी ‘रक्तवाहिन्या मोकळ्या करणारा’ काढा आणून दिला आहे, आणि दुसरीकडे नणंदबाई सांगतात की बीपी लो आहे, तर ताकात मीठ वाढवून द्या. शिवाय तिला सारखी तहान लागते. सोलापूरच्या या उन्हात आम्हालाच लागते, पण ती रात्रीही तांब्या उशाशी घेऊन झोपते. यातले काय खरे धरावे?

तळ्याकाठी:
वहिनींची आणि नणंदबाईंची काळजी मला समजते, तरी काढा तिला देऊ नका. रिलॅक्सिन हे पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनाचाच छोटा तुकडा. ते पोटात गेले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते, म्हणूनच इन्सुलिनसुद्धा टोचून घ्यावे लागते. तेव्हा खाण्यापिण्यातून हे संप्रेरक वाढत नाही. राहिला काढ्यातल्या वनस्पतींचा प्रश्न. त्यात काय आहे हे माहीत नसताना गरोदर बाईला ते देणे मला धोक्याचे वाटते.

९८/६० हा आकडा चौथ्या महिन्यात, चक्कर किंवा अंधारी नसेल तर, बहुधा रक्तवाहिन्या रुंदावल्याची खूण असतो. मीठ वाढवून तो चढवायला जाऊ नये, जेवणात नेहमीचे मीठ असू द्यावे. हिमोग्लोबिनचेही थोडे असेच आहे. रक्तातला पातळ द्रव ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून आकडा थोडा खाली दिसतो. तरी ११ च्या खाली गेला तर तो रक्तक्षयच (अॅनिमिया) समजला जातो, आणि लोहाच्या गोळ्या तर आताही चुकवू नयेत.

तहानेचा संबंध मात्र थेट आपल्या विषयाशी आहे. एरवी रक्त थोडे घट्ट झाले की मेंदू तहान लावतो. गरोदरपणात ती रेघ खाली सरकते, म्हणजे एरवी ज्या घट्टपणाला तहान लागली नसती, त्यालाही आता लागते आणि पाणी शरीरात राखून ठेवले जाते. उंदरांवरच्या प्रयोगांत रिलॅक्सिनने नेमके हेच केले. रुंदावलेल्या वाहिन्या भरायला जास्त द्रव लागणारच, आणि त्याची सोय करण्यातही त्याच संप्रेरकाचा हात असतो. उशाशी तांब्या असू द्या. फक्त तहानेबरोबर लघवीही फार होत असेल तर साखर तपासून घ्या, कारण तो प्रश्न वेगळा आहे.

उन्हाबद्दल सांगायचे तर, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या वाहिन्या आणखी उघडतात. आधीच सैल असलेल्या वाहिन्यांवर हा दुसरा भार पडतो, आणि रांगेत उभे राहिल्यावर रक्त पायांत साचून अंधारी येते. सूनबाईंना बसते करा, शक्य तर डाव्या कुशीवर निजवा.

जुळे_सोलापूर:
आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दोनदा अपयश आल्यावर आता गोठवलेला भ्रूण ठेवायचा आहे. त्यासाठी पत्नीला संप्रेरकांच्या गोळ्या देऊन गर्भाशयाचे अस्तर तयार करत आहेत, बीज सुटू देणार नाहीत. मग पीतपिंड तयार होणारच नाही ना? आणि पीतपिंड नाही तर रिलॅक्सिन कुठून येणार? हे वाचल्यापासून आम्हा दोघांची झोप उडाली आहे.

होटगी_रोड:
तुमचा तर्क बरोबर आहे, त्यात चूक नाही. अशा चक्रात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिले जाते, पण पीतपिंड नसल्यामुळे आईच्या रक्तात फिरणारे रिलॅक्सिन नसते. दान केलेले बीज घेतलेल्या, पीतपिंड नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग वाढलेला दिसला, परंतु ती वाढ नेहमीपेक्षा उणी होती. याचा अर्थ असा, की रिलॅक्सिनविना सगळे अडून राहत नाही, इतर पेप्टाइडे आणि वारेतून येणारी द्रव्येही आपले काम करतात. मात्र सुरुवातीचा जोर कमी पडतो. नैसर्गिक चक्रात भ्रूण ठेवलेल्या स्त्रियांपेक्षा अशा चक्रातल्या स्त्रियांना प्रीएक्लॅम्प्सिया अधिक प्रमाणात होतो, असे अलीकडच्या अनेक निरीक्षणांत दिसले आहे. तरीही अशा बहुसंख्य स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते, हेही तितकेच खरे.

तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचारा. पत्नीची पाळी नियमित असेल, तर नैसर्गिक चक्रात भ्रूण ठेवता येईल का? आणि कमी मात्रेची अॅस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून द्यावी का? धोका जास्त असलेल्या स्त्रियांना ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केल्यास प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण घटते. मनाने मात्र गोळी सुरू करू नका.

रिलॅक्सिनच टोचून देता येईल का, असा प्रश्न पुढे येईल, म्हणून आधीच सांगतो. प्रयोगशाळेत तयार केलेले रिलॅक्सिन हृदय निकामी झालेल्या रुग्णांवर वापरून पाहिले गेले. २०१३ मधल्या पहिल्या मोठ्या चाचणीने आशा वाढवली, पण साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत मृत्यू घटले नाहीत, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गरोदरपणातल्या बीपीसाठी ते आज वापरात नाही.

जुळे_सोलापूर:
मनापासून आभार. परवा भेटीची वेळ आहे, हे दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले आहेत.

विडी_घरकुल:
मी कुंभारीच्या बाजूला आशा म्हणून काम करते. माझ्या बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेला पाला आणि तंबाखू, पाय मुडपून दिवसभर बसणे. संध्याकाळी उठतात तेव्हा घोट्यावर बोट दाबले की खड्डा राहतो. त्यांना वाटते, हे बसण्यामुळेच आहे, आणि बऱ्याचदा ते असतेही. पण ताईंचे वाचून मला माझे रजिस्टर आठवले. आमच्याकडे पुष्कळ जणी नाव नोंदवायला चौथा महिना उलटल्यावर येतात. म्हणजे त्यांचा पहिलाच आकडा आम्हाला मिळतो तेव्हा तो उतरलेला असतो, आणि त्याआधी किती होता हे कोणालाच ठाऊक नसते. मग विसाव्या आठवड्यात १२४/८२ भरले तर मी काय समजायचे?

तळ्याकाठी:
ताई, मला जे म्हणायचे होते त्याच्या मुळावर तुम्ही बोट ठेवलेत. रिलॅक्सिनचे काम सुरू होते ते पाळी चुकल्यावर लगेचच्या आठवड्यांत, म्हणून बाईचा मूळचा आकडा हवा असेल, तर तो गर्भ राहण्याआधीचा किंवा निदान अगदी सुरुवातीचा असला पाहिजे. विसाव्या आठवड्यातल्या १२४/८२ मागे दोन निराळ्या बायका असू शकतात. एकीचे मूळ बीपी १३४/९० असेल आणि ते छान उतरले असेल. दुसरीचे ११०/७० असेल आणि तिच्या वाहिन्या सैलावल्याच नसतील. कागदावर दोघी सारख्याच दिसतात.

होटगी_रोड:
एक दुरुस्ती सुचवतो, ताईंनी राग मानू नये. मूळ आकड्यापेक्षा वरचे बीपी ३० ने किंवा खालचे १५ ने वाढले तर प्रीएक्लॅम्प्सिया समजावा, असा निकष पूर्वी होता. तो पुढे काढून टाकला, कारण १४०/९० च्या आत राहिलेल्या अशा बहुतेक स्त्रियांना काही झाले नाही. म्हणून केवळ चढता आकडा पाहून घरच्यांना घाबरवू नये. निदान होते ते विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून अधिक बीपी दोन वेळा भरले आणि सोबत लघवीत प्रथिने किंवा इतर अवयवांवर परिणाम दिसला तर.

तळ्याकाठी:
राग कसला, दुरुस्ती योग्य आहे आणि मला मान्य आहे. चढता आकडा म्हणजे आजार नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की अशा बाईला पुढच्या महिन्याऐवजी पुढच्या आठवड्यात बोलवावे आणि लघवी तपासावी. माझ्या बहिणीला सव्विसाव्या आठवड्यानंतर थेट एकतिसाव्या आठवड्याची तारीख दिली होती, आणि त्या दिवशी रांग पाहून ती परत आली.

विडी_घरकुल:
मग मी असे करते. पाळी चुकली असे कळले, की नाव नोंदवायची वाट न पाहता उपकेंद्रातल्या सिस्टरांकडून बीपी मोजून घेते आणि माता-बाल संरक्षण कार्ड मिळेपर्यंत आकडा माझ्या वहीत ठेवते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी तपासणी असतेच, तिथे आधीचे सगळे आकडे एका ओळीत लिहून कार्डाला टाचून नेता येतील. डॉक्टरांपुढे गर्दी असते, पण एक ओळ वाचायला वेळ लागत नाही. मोजताना कोणती काळजी घ्यावी, तेही सांगा.

तळ्याकाठी:
तिला आधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसू द्या. चालत आल्या आल्या मोजू नये. पाय जमिनीवर टेकलेले, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर, साडीच्या ब्लाउजची बाही वर सरकवून ती दंडाला आवळत असेल तर ती बाही काढावी. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. दर वेळी तोच हात. डोके सारखे दुखणे, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे कळ किंवा चेहरा आणि हात अचानक सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर आकडा काही असो, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

कडक_भाकरी:
काढ्याची बाटली वहिनींना परत केली. सुनेचे सुरुवातीचे कागद शोधले, त्यात आठव्या आठवड्यातले बीपी सापडले, ११०/७२. आजचे ९८/६०. दोन्ही कार्डावर शेजारी शेजारी लिहिले आहेत.

विडी_घरकुल:
आज दोघींचे मोजून घेतले. एक सहाव्या आठवड्यात आहे, ११६/७६. दुसरीला सातवा आठवडा, १३६/८८, आणि तिच्या आईलाही बीपी आहे. तिला उद्याच डॉक्टरांकडे घेऊन जात आहे.